अकरा नंबर हाजिर

बारा वर्षं एकच सायकल तासावर भाड्यानं नेणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला आहे, आणि सोसलाही आहे.

अनंतराव सातोनकर त्यांचं नाव. जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत कायम नोकरी. पोलीस ॲक्शनच्या आधी शाळा उर्दूतून झालेली, त्यामुळे निजामाच्या काळातले जुने कागद वाचायला सगळ्या कचेरीला तेच लागायचे. घरी खाणारी तोंडं नाहीत, विडी नाही, सुपारीचं खांडही नाही. मनात आणलं असतं तर दर दिवाळीला नवी कोरी सायकल घेतली असती. पण हा गृहस्थ रोज संध्याकाळी कचेरी सुटली की पैठण गेटजवळच्या माझ्या दुकानाच्या पायरीशी उभा राहायचा आणि म्हणायचा, "साहेबराव, अकरा नंबर."

आमच्या शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत आणि सायकली तासावर मिळत. माझ्याकडे चोवीस होत्या. दुकानाच्या दारात एक काळी पाटी टांगलेली असायची. तिच्यावर खडूनं सायकलचा नंबर, नेणाऱ्याचं नाव, 'गेले' आणि 'आले' असे चार रकाने. सायकल बाहेर पडली की मी वेळ लिहायचो, परत आली की दुसरी वेळ लिहून सगळं पुसून टाकायचो. उशीर झाला तर आधी ओरडायचो, मग पुसायचो.

ओरडण्याबद्दल माझी ख्याती होती. ती मी लपवत नाही. मी पाचोडचा. आठवडी बाजारात, उपरण्याखाली बोटं दाबून बैलांचे सौदे करणाऱ्या माणसांच्या मांडीवर वाढलो. शहरात आलो तेव्हा माझ्याकडे हवा भरायचा एक पंप आणि पाण्याचं एक घमेलं होतं. लिंबाखाली बसून पंक्चर काढत काढत चोवीस सायकली उभ्या केल्या. त्यातली एकही कुणाच्या मेहरबानीनं आली नाही. ज्याच्याशी घासाघीस होत नाही त्या माणसाशी धंदा कसला, असं माझं मत होतं आणि आहे. आणि अनंतराव कधी घासाघीस करायचे नाहीत. तक्रार करायचे नाहीत. भांडायचे तर नाहीतच.

मी त्यांना सायकल विकायचे किती प्रयत्न केले! एका पाडव्याला अकरा नंबरला रंग दिला, नवी सीट टाकली, घंटी बदलली. अनंतरावांनी सायकलीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या. घंटी वाजवून पाहिली.

"वाह. देखणी झाली."

"घेऊन टाका मग. तुमच्यासाठी म्हणून भाव पाडून देतो."

"भाडं तेवढंच ना?"

"अहो, लई झालं आता भाडं! स्वतःची करा, पाहिजे तेव्हा जा, पाहिजे तेव्हा या. कुणी विचारणार नाय."

त्यावर त्यांनी घंटी पुन्हा एकदा वाजवली. मग म्हणाले, "इत्मीनानानं बघू." म्हणजे निवांतपणे; हा त्यांचा लाडका उर्दू शब्द. कशालाही इत्मीनान. मी मात्र ती नवी घंटी आठवून आठवून आठ दिवस जळत होतो.

परत येण्याची त्यांची एक तऱ्हा होती. वेळ भरायला दोन मिनिटं असली तर ते समोरच्या अडत्याच्या दुकानाशी सायकल धरून उभे राहायचे आणि बरोबर ठोक्याला रस्ता ओलांडून म्हणायचे, "अकरा नंबर हाजिर." पण आठवड्यातून एखाद्या दिवशी त्यांना नेमका पाच मिनिटं उशीर व्हायचा. मग मी सगळ्यांवर ओरडतो तसा त्यांच्यावरही ओरडायचो, "कुठं होता इतका वेळ?" दुसरं गिऱ्हाईक अशा वेळी तोंड पाडतं, नाहीतर अंगावर येतं. अनंतराव खुलायचे. पायरीवर बसून सविस्तर सांगायला लागायचे. पडेगावपाशी बैलगाडी आडवी होती, बैल पांढरा होता, गाडीवान झोपला होता, त्याला उठवलं तर तो म्हणाला बैलाला उठवा. मला बाकीची गिऱ्हाइकं असायची. मी अर्ध्यातच "बरं, बरं" म्हणून पाटी पुसायचो.

राहायला ते एका कापडाच्या गोदामावरच्या खोलीत होते. खाली नुसत्या गाठी. मी एकदा विचारलं, "शेजार कसा आहे?"

"अतिशय शांत," ते म्हणाले. "बारा वर्षांत एकदाही भांडण नाही."

मी हसलो होतो.

रविवारी ते सायकल पूर्ण सकाळ न्यायचे. जायचे कुठं, तर दौलताबादच्या घाटात. वर जायचं, दगडी वेशीला हात लावायचा, परत यायचं. त्यांचं सायकल चालवणं म्हणजे एक तमाशाच होता. बंद गळ्याचा करडा कोट, पँटला क्लिपा, कानाला मफलर, पाठ ताठ. आणि तोंडानं मोजणी. प्रत्येक पायडलला एक आकडा, तोही उर्दूत. "मराठीत मोजलं की घाई होते," असं त्यांचं म्हणणं. चढावर नजर पुढच्या चाकाच्या टायरावर. वर बघायचं नाही. "वर बघितलं की चढ वाढतो, साहेबराव."

त्या वर्षी हिवाळ्यात एका व्यायामशाळेनं सायकलींची शर्यत काढली. भडकल गेटपासून पडेगाव, दौलताबाद, घाट चढून खुलताबाद आणि तिथून थेट म्हैसमाळच्या डोंगरावर. हौशी माणसांसाठी, वयाची अट नाही. अनंतराव तेव्हा चव्वेचाळीस-पंचेचाळीसचे असतील. छापील कागद घेऊन ते माझ्याकडे आले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मला जरा हललेला वाटला.

"साहेबराव, आपण उतरायचं म्हणतो."

"कशातून?"

"शर्यतीत. एकदा म्हैसमाळपर्यंत खाली न उतरता जाऊन बघायचं आहे. घाटापर्यंत जमतं. पुढचं जमतं का, ते माहीत नाही. आता नाही बघितलं तर मग कधी?"

मी कागद वाचला आणि मला देव पावला. पाचवी अट होती: सायकल स्पर्धकाच्या मालकीची असावी. बारा वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो असा चालत दुकानात आला होता. मी खुर्ची पुढं सरकवली. चहा सांगितला.

"आता घ्यावीच लागंल की, अनंतराव."

त्यांनी शांतपणे चहा प्यायला आणि कोटाच्या खिशातून एक टाइप केलेला कागद काढला. 'मी खाली सही करणार, सायकल क्रमांक अकराचा मालक, लिहून देतो की सदर सायकल गेली बारा वर्षे श्री. सातोनकर यांच्या अखंड वहिवाटीत असून...'

"हे काय?"

"आमच्या कचेरीत रोज येतं हे. मालक वेगळा, कब्जेदार वेगळा. सायकलचे मालक तुम्ही, कब्जेदार मी. व्यायामशाळेच्या सेक्रेटरींना समजावलं. ते म्हणाले, मालकाची सही आणा."

आता मी शिकलेला कमी, पण शेतकऱ्याच्या घरातला. बारा वर्षांची वहिवाट म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको. आमच्या गावात दुसऱ्यानं बारा वर्षं कसल्यावर बांधापलीकडची जमीन ज्याची त्याला परत मिळाली नाही, आणि त्यापायी दोन चुलत घरं एकमेकांच्या मयतीला जात नाहीत. हा उर्दू वाचणारा माणूस माझी सायकल माझ्याच सहीनं गिळतोय, असं मला वाटलं. माझं डोकं फिरलं.

"व्हय, म्हणून बारा वर्षं घेत नव्हता! कब्जा सांगता माझ्या सायकलीवर? पाचोडचा आहे मी!"

"अहो, साहेबराव..."

"एक शब्द नाय. सायकल माझी. भाड्यानंच जाईल. आणि त्या दिवशी दुपारी बाराच्या ठोक्याला इथं, ह्या पायरीशी परत पाहिजे. एक मिनिट उशीर चालणार नाय!"

"कबूल," ते म्हणाले. इतक्या लगेच कबूल म्हणाले की माझा राग अधांतरी राहिला. 'अखंड वहिवाटीत' हे शब्द खोडून मी सही केली.

शर्यतीच्या रविवारी भल्या सकाळी ते आले. मी पाटीवर नाव लिहिलं, 'गेले' खाली वेळ टाकली. "बारा," मी बजावलं. "बारा," ते म्हणाले. गेले.

आता इथं मला एक कबूल करावं लागतं. रविवार म्हणजे माझ्या धंद्याचा राजा दिवस. पण मन दुकानात लागेना. अकरा नंबरचा मागचा रिम जरा डुलत होता, तो मीच आदल्या दिवशी हट्टानं नीट केला नव्हता. व्यायामशाळेनं मला दुरुस्तीच्या टेम्पोवर बोलावलं होतं आणि मी मिजाशीत नाही म्हटलं होतं. तोच टेम्पो समोरून जाताना दिसला. मी दुकानाला फळ्या लावल्या, पाने-पक्कड घेतली आणि उडी मारून चढलो. अनंतरावांना यातलं काही माहीत नव्हतं.

झेंडा दाखवणारे पाहुणे उशिरा आले, त्यामुळे सगळंच दीड तास मागं पडलं. शेवटी साठेक जण सुटले. बहुतेक तरणी पोरं, वाकड्या हँडलच्या हलक्या सायकली. पडेगाव येईपर्यंत अनंतराव शेवटून दुसरे होते. टेम्पोवाला हसला, "हे काका कचेरीला निघालेत काय?" मी त्याला काही बोललो नाही, पण त्याचा चेहरा लक्षात ठेवला.

दौलताबादचा किल्ला मागं पडला आणि घाट लागला. तिथं मी जे पाहिलं ते सांगायला माझ्यापाशी शब्द कमी आहेत, कारण मी आयुष्यभर किमती सांगितल्या, कौतुक सांगितलं नाही.

पहिल्या वळणावर पोरं सीटवरून उठली आणि नागासारखी डुलायला लागली. दुसऱ्या वळणावर दोघं उतरले. तिसऱ्यावर एक जण कठड्याला टेकून ओकत होता. आणि त्या सगळ्यांमधून एक करडा कोट वर चालला होता. ताठ. बसलेला. गुलमंडीच्या सपाट रस्त्यावर त्यांचा जो वेग असायचा, तोच. एका माणसाएवढी वजनदार काळी सायकल, मागं कॅरिअर, चेनकव्हर खडखड वाजतंय, आणि तो माणूस जणू रस्ताच खाली ओढून घेतोय. मी टेम्पोतून ओरडलो, "अनंतराव! शाब्बास!" शंभर माणसं ओरडत होती. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. टेम्पो त्यांच्या अगदी शेजारून गेला. कपाळावरून घाम नाकावर येऊन टायरावर पडत होता आणि ओठ हलत होते: "सत्तासी... अठ्ठासी... नवासी..."

वर त्यांनी पाहिलंच नाही.

बारा वर्षं मी ह्या माणसाला गिऱ्हाईक समजत होतो. नुसती उधळलेली ताकद मी बैलात पाहिली आहे. ही ताकद वेगळी होती. मोटेचा जुना बैल विहिरीच्या उतारावर मागंपुढं करतो, त्याला कुणी हाकावं लागत नाही, पाणी येत राहतं. तसं काहीतरी. माझ्या नकळत मी हात जोडले होते. टेम्पोवाला बघायला लागला तसे मी ते खिशात घातले.

खुलताबादच्या पुढं टेम्पो अडकला. एका पोराची चेन तुटली, दुसऱ्याचा ब्रेक चाकात गेला. मी रस्त्यावर उकिडवा बसून, चाकात तोंड घालून काम करत होतो. काम लांबलं. एकदा पाठीमागून उतारानं एक सायकल सणाणत गेली आणि चेनकव्हरची ओळखीची खडखड कानावर आली. अकरा नंबरची खडखड मी झोपेतसुद्धा ओळखीन. पण वर जाणारी सायकल खाली कशी येईल? मी मान वर केली नाही.

म्हैसमाळला पोचलो तर मांडवात भाषणं चालू होती आणि अनंतराव कुठंच नव्हते. मी शेवटच्या रेषेवरच्या माणसाला विचारलं.

"सातोनकर? तिसरे आले ते! शेवटच्या चढाला पोरं पटापट उतरली. हे एकदाही नाय उतरले. पायसुद्धा टेकला नाय."

 तेवढ्यात माइकवर तिसरा क्रमांक पुकारला. एकदा, दोनदा, तीनदा. मग सेक्रेटरी म्हणाले, विजेता गैरहजर असल्यामुळे कप चौथ्या क्रमांकाला देण्यात येत आहे. आणि एका तरण्या वकिलानं तो लाजत लाजत घेतला.

मी मांडवात घुसलो. "कोण गैरहजर? बारा वर्षांत एक दिवस गैरहजर नाय तो माणूस! कुठं दरीत पडला असंल तर? बघितलं का कुणी?"

"शेठ, ओरडू नका," एक कार्यकर्ता म्हणाला. "ते स्वतःच गेले."

"उगंच कसे जातील?"

"आम्ही लई आग्रह केला. जेवून जा, ट्रकनं सोडतो, बक्षीस आहे. त्यांनी किती वाजले ते विचारलं, एक ग्लास पाणी प्याले आणि म्हणाले, बारा वाजता सायकल जमा करायची आहे. मालक वाट बघत असतील."

आयुष्यात पहिल्यांदा मी भांडण अर्ध्यात सोडलं.

पण तो कप मी विसरलेलो नाही. बक्षीस घेताना माणूस हजर लागतो, असं त्या छापील कागदावर कुठंही नव्हतं. कागद मी अजून जपून ठेवला आहे. पाहिजे त्यानं येऊन वाचावा.

टेम्पो खाली यायला तीन वाजले. पैठण गेटच्या अलीकडेच मी उतरलो आणि जवळजवळ पळतच निघालो. माझ्या बंद दुकानाच्या पायरीवर, भर उन्हात, अनंतराव बसले होते. शेजारी अकरा नंबर स्टँडवर उभी. पुसलेली. मफलरनंच पुसली असावी, कारण तो काळा झाला होता.

मला बघताच ते ताडकन उठले. आणि ओरडले. होय, अनंतराव सातोनकर ओरडले.

"कुठं होता इतका वेळ?"

समोरचा अडत्या बाहेर येऊन बघायला लागला.

"बाराला आलो, तर फळ्या लावलेल्या. रविवारी! तुमच्या दुकानाला रविवारी फळ्या! अडत्याला विचारलं, त्याला ठाऊक नाही. सरकारी घाटी दवाखान्यात जाऊन बघितलं, तर तिथंही नाही. तीन तास झाले, साहेबराव! माणसानं काय समजायचं?"

त्यांनी काळा झालेला मफलर पायरीवर आपटला. 

"मी म्हैसमाळलाच होतो," मी म्हणालो. "तुम्हालाच बघायला. तुम्ही तिसरे आला. तुमचा कप गेला माझ्यापायी."

"कप?" ते म्हणाले, जणू मी दुसऱ्याच कुणाची गोष्ट काढली होती. "बारा म्हणाला होतात तुम्ही."

मी अकरा नंबरच्या सीटवर हात ठेवला. माझ्या तोंडून पुढचं वाक्य कसं निघालं ते मला आजही कळत नाही. पाचोडच्या बाजारात कुणी ऐकलं असतं तर मला वाळीत टाकलं असतं.

"घेऊन जा ही. तुमची झाली. पैसा नको. वहिवाट म्हणा, काय पाहिजे ते म्हणा."

त्यांनी सायकलीकडे पाहिलं. हँडलवरून एकदा बोट फिरवलं. मग मान हलवली.

"नको."

"अहो, फुकट देतोय!"

"स्वतःची झाली तर खोलीवर न्यावी लागेल," ते हळूच म्हणाले. "जिन्याखाली लावायची. मग मी परत आलो काय, न आलो काय..." त्यांनी दाराकडे, बंद फळ्यांवर टांगलेल्या पाटीकडे पाहिलं. चोवीस नंबरांत एकच नाव होतं त्या दिवशी. "मग पाटीवर माझं नाव कशाला लिहाल?"

 

मी खिशातून खडू काढला आणि त्यांच्या नावापुढं 'आले' खाली 'बारा' लिहिलं. पुसलं मात्र नाही. मग वळलो, कमरेवर हात ठेवले आणि मला जे एकच नीट येतं ते केलं.

"बरं, ते राहू द्या!" मी अडत्याला ऐकू जाईल असा ओरडलो. "म्हैसमाळला जाऊन यायला बारा वाजले? काय करत होता वाटेत?"

अनंतरावांचा चेहरा खुलला. ते पायरीवर सरकले आणि माझ्यासाठी त्यांनी जागा केली.

"सांगतो," ते म्हणाले. "इत्मीनानानं सांगतो. पडेगावपर्यंत वारा समोरचा होता..."

मी बसलो. फळ्या उघडल्या नाहीत. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांचं शेवटपर्यंत ऐकलं.